पटनी ते मॉर्टलेक: उलट्या वाहणाऱ्या नदीवरची शर्यत

सोलापुरातलं पोर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला लागलं की घरचे विचारतात ते फी, जेवण आणि थंडीबद्दल. तिथल्या खेळांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पण ज्यांच्या नावाची रणजी करंडक स्पर्धा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, त्या रणजितसिंहजींनी १८९३ मध्ये केंब्रिजकडून क्रिकेट खेळून ‘ब्लू’ मिळवला होता. टायगर पतौडी १९६१ मध्ये ऑक्सफर्डचे कर्णधार होते. तेव्हा हा विषय आपल्यालाही जवळचा आहे.

ब्लू म्हणजे एका विद्यापीठाच्या मुख्य संघातून दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध खेळल्याचा मान. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा, तर केंब्रिजचा फिका, हिरवट झाक असलेला. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघात निवड झाली की मिळणारा कलर कोट त्याच घरातला. ब्लूबरोबर पगार नाही की बक्षिसाची रक्कम नाही. तरीही त्यासाठी मुलं-मुली वर्षभर पहाटे उठतात, आणि त्यातला सगळ्यात अवघड ब्लू बोट रेसचा, म्हणजे या दोन विद्यापीठांमधल्या नाव वल्हवण्याच्या शर्यतीचा.

या शर्यतीची सुरुवात दोन शाळासोबत्यांमुळे झाली. हॅरो शाळेत एकत्र शिकलेले चार्ल्स मेरिवेल केंब्रिजला गेले आणि चार्ल्स वर्ड्‌सवर्थ ऑक्सफर्डला. १८२९ मध्ये केंब्रिजने आव्हान पाठवलं आणि हेन्लीला पहिली शर्यत झाली. ती ऑक्सफर्डने जिंकली. १८४५ मध्ये शर्यत लंडनच्या पश्चिम भागात, थेम्स नदीच्या पटनी ते मॉर्टलेक या पट्ट्यावर आली. १८५६ पासून दोन महायुद्धांची वर्षं आणि कोविडचं २०२० सोडलं तर ती दरवर्षी होते. २०२५ अखेर पुरुषांच्या १७० शर्यतींपैकी केंब्रिजच्या ८८, ऑक्सफर्डच्या ८१ आणि १८७७ ची एक बरोबरीत सुटलेली, असा हिशेब आहे.

अंतर ६.८ किलोमीटर, म्हणजे ऑलिंपिकमधल्या २,००० मीटरच्या तिपटीहून जास्त. दत्तू भोकनळ रिओला एकटा, दोन्ही हातांत दोन वल्ही घेऊन उतरला होता. इथे एका नावेत आठ जण असतात आणि प्रत्येकाकडे एकच लांब वल्हं. नवव्या जागेवर कॉक्स. तो किंवा ती वल्हवत नाही, पण सुकाणू त्याच्या हातात असतं. आठ जण पाठमोरे बसलेले असल्यामुळे पुढचं पाणी नीट दिसतं ते फक्त कॉक्सला. नाव सुमारे अठरा मीटर लांब आणि इतकी अरुंद की आठ वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती सरळ कलंडते.

आता पाण्याबद्दल, कारण ही शर्यत खरी तिथेच ठरते. भीमा-सीनेच्या काठी वाढलेल्यांना नदी एकाच दिशेने वाहते हे गृहीतच असतं. लंडनमध्ये थेम्स समुद्राशी बांधलेली आहे. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं आणि नदी चक्क उगमाच्या दिशेने वाहू लागते. बोट रेस त्याच उलट्या प्रवाहावर होते. पटनीला पूर्ण भरती येण्याच्या साधारण दीड तास आधी शर्यत सोडतात, कारण तेव्हा आत येणाऱ्या पाण्याचा जोर चांगला असतो. म्हणून तारीख आणि वेळ ठरवताना भरतीचं कोष्टक आधी पाहतात. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, दर वर्षी वेगळ्या वेळी शर्यत येते ती यामुळेच.

हा वेगवान प्रवाह नदीच्या सगळ्या रुंदीत सारखा नसतो. पात्र जिथे खोल, तिथे पाणी जोरात, काठाजवळ मंद. तो खोल पट्टा दोन्ही नावांना हवा असतो, आणि तो एवढा रुंद नसतो. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत दोन्ही कॉक्स एकमेकांना रेटत असतात. वल्ह्यावर वल्हं आपटतं, पंच मागच्या मोटरबोटीतून पांढरा झेंडा हलवत चमूचं नाव घेऊन ताकीद देतात. न ऐकणारा चमू बाद होऊ शकतो. २०१२ मध्ये एक माणूस पोहत मध्ये आला म्हणून शर्यत थांबली. पुन्हा सुरू झाल्यावर वल्ही भिडली आणि ऑक्सफर्डच्या एकाचं वल्हं मोडलं. बदली वल्हं घ्यायची सोय नसते, त्यामुळे आठाऐवजी सात जणांनी आणि तेही एका बाजूला कमी बळाने पुढचं अंतर काढलं. केंब्रिज जिंकलं.

दुसरी गोष्ट वळणांची. बाजू ठरते नाणेफेकीने, आणि त्यासाठी १८२९ चं सोन्याचं नाणं वापरतात. उत्तरेकडची बाजू मिडलसेक्स, दक्षिणेकडची सरे. पहिलं वळण मिडलसेक्सला फायद्याचं, कारण आतल्या बाजूने अंतर कमी पडतं. मग हॅमरस्मिथ पुलाच्या आसपास सरेच्या बाजूचं लांबलचक वळण, आणि शेवटी बार्न्सला पुन्हा मिडलसेक्स. मिडलसेक्स घेणाऱ्याने सुरुवातीलाच आघाडी घ्यावी लागते, नाही तर मधल्या लांब वळणावर ती विरघळते. सरे घेणाऱ्याने पहिल्या वळणावर चिकटून राहायचं आणि हॅमरस्मिथनंतर जोर लावायचा. एक नावभर पुढे गेलं की पुढच्याला समोरच्या पट्ट्यात येता येतं. मग मागच्याच्या वाट्याला ढवळलेलं पाणी येतं आणि परत वर येणं फार कठीण होतं. म्हणून हॅमरस्मिथ पुलाखालून जो पुढे निघतो, तो बहुतेक वेळा जिंकतो.

वारा विरुद्ध दिशेचा असेल तर मात्र सगळे हिशेब कोलमडतात. भरती एका बाजूने, वारा दुसऱ्या बाजूने, की उभ्या आखूड लाटा उठतात. नावेची कड पाण्यापासून थोडीच वर असते, त्यामुळे पाणी आत येऊ लागतं. १९१२ मध्ये दोन्ही नावा बुडाल्या आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. १९२५ आणि १९५१ मध्ये ऑक्सफर्डची, १९७८ मध्ये केंब्रिजची नाव बुडाली. आता नावेत पंप बसवतात. २०१६ मध्ये केंब्रिजच्या महिलांची नाव पाण्याने भरत आली होती, तरी त्यांनी ती शेवटापर्यंत नेली. ते दृश्य शक्य झालं तर जरूर पाहा. हरलेल्या नावेबद्दल इतका आदर क्वचितच वाटतो.

महिलांची शर्यत १९२७ पासून आहे. पहिल्या वर्षी दोन्ही चमूंना शेजारी-शेजारी वल्हवायची परवानगीसुद्धा नव्हती. डौल आणि वेग पाहून निकाल दिला गेला. याच पाण्यावर, त्याच दिवशी, पुरुषांइतक्याच अंतराची शर्यत मिळायला २०१५ उजाडलं. हा उशीर अन्यायच होता. २०२५ अखेरपर्यंतच्या महिलांच्या शर्यतींत केंब्रिजचं पारडं स्पष्ट जड आहे.

तयारी सप्टेंबरपासून. सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव जसा कितीतरी आधी सुरू होतो, तसंच हे. केंब्रिजची कॅम नदी अरुंद आणि वळणांची, म्हणून त्यांचा मुख्य सराव ईलीला ग्रेट ऊझ नदीवर चालतो. ऑक्सफर्डचा वॉलिंगफर्डला थेम्सवर. डिसेंबरमध्ये दोन्हीकडचे उमेदवार आपसात, खऱ्या मार्गावरच चाचणी शर्यत करतात. मुख्य चमूत जागा हुकली की राखीव चमू: पुरुषांत ऑक्सफर्डचा आयसिस, केंब्रिजचा गोल्डी. अभ्यास, प्रबंध, परीक्षा यातून कुणाला सूट नसते. एवढं करून शर्यत संपते १७-१८ मिनिटांत. विक्रम केंब्रिजचा, १९९८ चा: १६ मिनिटं १९ सेकंद.

एप्रिलच्या सुमारास आई-वडील भेटीला येणार असतील तर ही शर्यत जरूर दाखवा. काठावरून पाहायला तिकीट नाही. एका जागेवरून दोन्ही नावा जेमतेम मिनिटभर दिसतात, म्हणून जागा विचार करून निवडा. सुरुवात पाहायची तर पटनी, डावपेच पाहायचे तर हॅमरस्मिथच्या आसपासचा काठ, शेवट पाहायचा तर बार्न्स पुलाच्या पुढे. दोन तास आधी पोचा. महिलांची शर्यत आधी होते. पटनीच्या घाटावरचा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा कडेला पिशव्या ठेवू नका. नदीवरचा वारा बोचतो; घरून आणलेली सोलापुरी चादर इथे सगळ्यांत उपयोगी पडते. पाण्यात हात मात्र घालू नका. २०२४ मध्ये पाण्यात ई-कोलाय जिवाणू जास्त सापडल्यामुळे जिंकल्यावर कॉक्सला नदीत फेकायची जुनी प्रथासुद्धा टाळायला सांगितलं होतं.

शिकायला जाणाऱ्यांसाठी बोट रेसपेक्षा जवळचा रस्ता म्हणजे कॉलेजचा बोट क्लब. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक कॉलेज अगदी नवख्यांना घेतं. पोहता येणं आवश्यक, म्हणून निघण्यापूर्वी सोलापुरातच पोहणं पक्कं करा. सुरुवात जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावर होते. बैठक रुळांवर मागे-पुढे सरकते, त्यामुळे जोर मुख्यतः पायांचा. क्रम लक्षात ठेवा: आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, परतताना उलट. नवखे हात आधी ओढतात आणि दहा मिनिटांत थकतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वल्ह्याचं पातं तिरपं ठेवून पाण्यात घालणं. ते खोल जाऊन अडकतं, नाव पुढे धावत असते आणि दांडा छातीवर येतो. अशा वेळी दांड्याशी झटापट करू नका. आडवे व्हा, तो डोक्यावरून जाऊ द्या. तळहाताला फोड येतातच. हातमोजे घालायचे नाहीत, पकड ढिली ठेवायची.

या क्लबांच्या शर्यतींना बम्प्स म्हणतात. नदी अरुंद, शेजारी-शेजारी जायला जागा नाही, म्हणून नावा एकामागे एक, साधारण दीड नावेचं अंतर ठेवून उभ्या करतात. तोफ झाली की प्रत्येकाने पुढच्याला गाठून धक्का द्यायचा, मागच्याला मात्र गाठू द्यायचं नाही. गाठलं की दुसऱ्या दिवशी दोघांच्या जागा बदलतात. असं चार दिवस. रोज वर चढलेल्या चमूला मानाची वल्ही मिळतात. चौथ्या दिवशी ज्या क्रमांकावर नाव थांबते, तिथूनच पुढच्या वर्षीचा चमू सुरुवात करतो. आज वल्हवणाऱ्यांना मिळालेली जागा त्यांच्या आधीच्यांनी कमावलेली किंवा गमावलेली असते. केंब्रिजमध्ये अशा मुख्य स्पर्धा वर्षातून दोनदा होतात, ‘लेंट’ वसंताआधी आणि ‘मे’ जूनमध्ये. ऑक्सफर्डला त्यांची नावं टॉर्पिड्स आणि समर एट्स. नवख्यांना खालच्या नावांत जागा मिळते, तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या बोटघरात जाऊन नाव नोंदवा.