तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाबी मनोरा एकच का?

माँटेसरी वर्ग बघायला आलेले पालक साधनं मांडलेल्या फळ्यांवरून नजर फिरवतात आणि हमखास विचारतात: मुलं तीस, मग गुलाबी मनोरा एकच कसा? भांडणं नाही होत? चार-पाच घेऊन ठेवले तर?

घेता येतात, पण आम्ही घेऊ नका म्हणतो. आधी मनोरा म्हणजे काय ते सांगतो. दहा घन, सगळे एकाच रंगाचे. सर्वांत लहान 1 सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा 10 सेंटीमीटरचा. मूल एकेक घन उचलून चटईवर आणतं, मोठ्यापासून रचत जातं. मधला एक चुकला की रांग बिघडलेली डोळ्यांना दिसते, ताईंनी सांगावं लागत नाही.

आता असे पाच मनोरे ठेवले की पाच मुलं शेजारी-शेजारी रचायला बसतात, आणि लक्ष घनांवरून शेजाऱ्याकडे जातं: कुणाचा आधी झाला? शिवाय तुकडे इकडचे तिकडे होतात. हे सर्वांत जास्त महागात पडतं ते मोजायला शिकायच्या काड्यांच्या पेटीत. तिथे 0 ते 9 असे खण आणि मोजून 45 काड्या असतात. एकच्या खणात एक, दोनच्यात दोन, असं करत नवाचा खण भरला की हात रिकामा व्हायला हवा. हात रिकामा झाला की मुलाला कळतं, बरोबर आलं. दोन पेट्या मिसळून एकीत 44 आणि दुसरीत 46 झाल्या, तर अचूक मोजणाऱ्या मुलालाही शेवटी एक कमी पडते किंवा एक उरते. ते पुन्हा मोजतं, पुन्हा तेच होतं, आणि मग स्वतःच्या मोजण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. साधन खोटं बोललं हे त्याला कसं कळावं?

(घरी पेटी करणाऱ्यांसाठी: काड्यांऐवजी चिंचोके चालतील का, असं विचारतात. मोजायला चालतील, पण नऊ काड्या मुठीत जाड लागतात आणि दोन बारीक. तो फरक हाताला चिंचोक्यांत तितका मिळत नाही.)

राहिला भांडणाचा प्रश्न. नियम एकच: साधन चटईवर आहे तोवर ते त्या मुलाचं, फळीवर परत गेलं की कुणाचंही. दुसऱ्यानं बसून बघावं, हात लावू नये. हे बघणं वाया जात नाही. वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, आणि तीन वर्षांचं मूल पाच वर्षांच्याकडे बघत पुष्कळ शिकतं. इथे चुकतात ती मोठी माणसं. “तुझं खूप झालं, आता त्याला दे” असं ताई म्हणाल्या की चटईवरचं मूल घाईनं काम उरकायला शिकतं आणि वाट बघणारं मूल ताईंकडे तक्रार न्यायला.

मात्र एकेकच वस्तू ठेवण्याची ही पद्धत दोन गोष्टींवाचून कोलमडते. पहिली म्हणजे वेळ. सलग तीन तास मोकळे हवेत. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तास पाडलेल्या शाळेत पाळी येतच नाही, आणि तिथली भांडणं खरी असतात. दुसरी म्हणजे फळीवरची विविधता. तीस मुलांसाठी तीसपेक्षा बरीच जास्त कामं मांडलेली हवीत: बटणं लावायची-काढायची चौकट, तांदूळ ओतायचे दोन तांबे, खरकागदाची अक्षरं, झाडांची पानं पुसायचा बोळा. दोनांपैकी एकच तांब्या भरा, तोही दोन-तृतीयांशच, काठोकाठ भरला तर पहिल्याच ओतण्यात सांडतं. खाली गडद ताट ठेवा, म्हणजे सांडलेले दाणे मुलाला स्वतःच दिसतात. चटया, पाट्या, पेन्सिली मात्र भरपूर ठेवा. त्यांना हा नियम लागू नाही.

वस्तू एकच असली की ती पुरी असलीच पाहिजे. म्हणून मुलं गेल्यावर रोज मोजदाद करावी. 45 काड्या, आणि मनोऱ्याचा 1 सेंटीमीटरचा घन आधी बघावा, कारण तोच जास्त हरवतो. कपाटाखाली, चटईच्या गुंडाळीत, खिशात कुठेही सापडतो. नाहीच मिळाला तर सुताराकडून तेवढाच करून त्याच गुलाबी रंगात रंगवून घ्यावा, आणि तोवर अख्खा मनोरा फळीवरून उतरवून ठेवावा.