वाटणीतून सुटलेलं घर

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, कुरकुर सुरू झाली: रोजच्या अन्नाच्या वाटणीत आमच्या विधवा सुटतात. तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांची होती, इब्री बोलणाऱ्यांबद्दल. मग जे सात जण निवडले त्यांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. ज्यांची ओरड होती, बहुधा त्यांच्याच हाती कोठार दिलं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळ्यांना हा अध्याय परका वाटू नये. एकाच बाकावर मराठी, कानडी, कोकणी घरं बसतात. मदतीची यादी दोघा मराठी पंचांनी केली की यादीही मराठी घरांचीच होते. कुणाच्या मनात काही नसतं. ज्यांच्या घरात येणं-जाणं तीच घरं आठवतात. म्हणून यादीला चौघं बसवा, त्यात एक तरी कानडी घरातला आणि एक महिला मंडळातली. बाई हवीच. पिठाचा डबा रिकामा झालाय हे पाळकसाहेबांना कुणी सांगत नाही, स्वयंपाकघरात जाणारीला ते दिसतं.

आता धान्य. चार माणसांच्या घराला आठवड्याला तांदूळ 6 किलो, जोंधळे 4 किलो, तूरडाळ 1 किलो, तेल 1 लिटर, वर तिखट, मीठ, साखर, चहापूड. जोंधळे आणि दळणाचे पैसे द्या, पीठ देऊ नका. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. गिरणीपर्यंत जाणं होत नाही अशा म्हातारीला पीठ चालेल, पण आठवड्यापुरतंच.

मूठभर तांदळाची पद्धत चांगली: रोज भात टाकताना एक मूठ बाजूला, रविवारी चर्चमध्ये. घोळ होतो तो पिंपात. रेशनचा जाड तांदूळ आणि दुकानातला बारीक एकत्र ओतला की भात अर्धा गिचका, अर्धा कच्चा. दोन पिंपं ठेवा, एवढंच.

पैशाला नियम कडक हवेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:20-21) वर्गणी नेताना पौल सोबत तीताला आणि इतर बंधूंना पाठवतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. मोजायला दोघं, वहीवर दोन सह्या, यूपीआय मंडळीच्या खात्यावर. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर नको. उसने तर अजिबात देऊ नका. फेडता आलं नाही की ते कुटुंब उपासनेला यायचं बंद होतं, पैसेही जातात आणि माणसंही. आणि देण्याआधी विचारा: बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता कधी असतो? नाहीतर रेशनला दिलेली रक्कम मंगळवारच्या हप्त्यात जाते. विधवेचा मुलगा गोव्यात कमावत असेल तर पहिला फोन त्याला. तीमथ्याला पहिलं पत्र (5:4) हेच सांगतं.

सगळ्यात जास्त फायद्याची मदत मात्र फुकटची आहे: कागद. फॉर्म कानडीत, म्हातारी मराठी शाळेत चौथी शिकलेली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मार्था, आधारवर मार्थाबाई, रेशनकार्डावर मार्तव्वा. एवढ्यावर विधवा पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) अडकतो. आधी नावं जुळवा, मग अर्ज. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. सासू वारली आणि कार्डावर सुनेचं नाव प्रमुख म्हणून चढवलं नाही, तर ते थांबतात. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान-आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, पण तातडीची केस सोडली तर आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल लागतं. ते घेतलं नाही की बिलासाठी चर्चमध्ये पेटी फिरते. कानडी लिहिता येणारी तरुण संघातली दोन पोरं महिन्यातून एका शनिवारी बसली तरी पुष्कळ काम होतं. त्याच पोरांनी रक्तगटांची वही ठेवावी, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेसह. पुरुषांना 3 महिने, बायकांना 4 महिने अंतर लागतं.

खानापूरकडच्या कौलारू घरांची शाकारणी मे महिन्यातच उरका. जूनमध्ये ओल्या कौलावर कुणी चढू नये.

मयताच्या घरी पहिल्या दिवशी नऊ घरांतून भात येतो, निम्मा टाकावा लागतो. पाचव्या दिवशी कुणीच येत नाही. दफनविधीच्या संध्याकाळीच दहा दिवसांचे वार वाटून घ्या, दुपारचं एक घर, रात्रीचं एक. डब्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे दुखवट्यातल्या बाईला ते घासून ज्याचे त्याला पोचवायचं काम लागतं. एकीनं रविवारी उपासनेआधी जाऊन रिकामे डबे गोळा करावेत, खरकटे असले तरी.