झडीत ईएलसीबी पडतो तेव्हा

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात झड लागली की परसातल्या वॉशिंग मशीनचा नाहीतर टाकीच्या मोटरीचा प्लग अचानक बंद पडतो, आणि बोर्डावरचा ईएलसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) खाली आलेला दिसतो. वर केला की पुन्हा पडतो. मग कुणीतरी म्हणतं, "तो काढून डायरेक्ट जोडा." कृपा करून तसं करू नका. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक आला की ईएलसीबी लाइन तोडतो. तेवढा करंट ओल्या भिंतीतून जमिनीत जात असतो, आणि उद्या तो माणसाच्या अंगातूनही जाईल.

आधी बाहेरच्या सगळ्या पिना उपसून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. मग सगळे एमसीबी (बोर्डावरचे प्रत्येक लाइनचे छोटे स्विच) खाली, ईएलसीबी वर, आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला पडेल ती लाइन खराब.

खरी फसगत पुढे आहे. बाहेरच्या लाइनचा एमसीबी खाली असतो, तरी आत गिझर लावला की ईएलसीबी पडतो, आणि दोष बिचाऱ्या गिझरवर येतो. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. बाहेरच्या ओल्या बॉक्समध्ये तो न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर गिझरचा परतीचा थोडा करंट त्या वाटेने जमिनीत जातो. अशा वेळी मेन बंद करून त्या लाइनचा न्यूट्रल लिंकमधून (बोर्डातल्या सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून) सोडवून बघावा लागतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून बॉक्स उघडला की कारण बहुधा डोळ्यांना दिसतं. पितळी स्क्रूवर हिरवट कळंक असेल तर वायर दोनेक सेंटिमीटर मागे कापून नवं टोक काढा आणि सॉकेट बदला. दोन टर्मिनलांच्या मधे प्लॅस्टिकवर मुळीसारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो जळून झालेला कार्बन. सॉकेट कितीही वाळवला तरी ती रेघ करंट वाहणारच, तो फेकूनच द्या. बॉक्सच्या आत वरून चुन्याचा पांढरा ओघळ आला असेल तर पाणी समोरून नव्हे, गच्चीवरच्या पाइपातून येतंय. तिथे झाकण बदलून काही होणार नाही, पाइपाचं वरचं तोंड बंद करा.

नवा बॉक्स आयपी 55 चा, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव करणाऱ्या दर्जाचा घ्या. वायर खालून, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत न्या. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावा. खालची कड मोकळी ठेवून तळाला 5 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल. पिन कायम लावून ठेवायची असेल तर पिनेसकट बंद होणारं झाकण हवं, नाहीतर आयपी 55 चा उपयोग नाही. लोंबत्या वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, थेंब तिथूनच गळतात. सॉकेटवर काळी टेप गुंडाळली तर ओल आतच कोंडते.

ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते अर्थिंग तपासत नाही, अर्थिंग वेगळं बघून घ्या. खांबावर किंवा मीटरच्या अलीकडच्या वायरीवर ठिणग्या दिसल्या तर हात न लावता हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनला बोलवा.

लाइन पुन्हा चालू करण्याआधी वायरमनला 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्शुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासायला सांगा, उपकरणं काढून. 1 मेगओहमच्या खाली आकडा आला तर पाइपात अजून ओल आहे. ती दोन-चार दिवस उघडीप मिळाल्याशिवाय सुकत नाही, तोवर त्या लाइनचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून ठेवा.