तुम्ही विचारलंत म्हणून: माशाचं हृदय परत वाढतं, मग माणसाचं कधी?

पीएचडी कशात करतेस असं कुणी विचारलं आणि मी झेब्राफिश म्हटलं की हा प्रश्न येतोच (त्याआधी "म्हणजे कोळंबी वगैरे का?" हा असतो, तो सोडा), पण सगळ्यात जास्त वेळा विचारलाय तो आमच्या काकांनी, दोन स्टेंट टाकलेत त्यांना.

मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, निळ्या पट्ट्यांचा, मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. हृदय मोहरीएवढं. 2002 साली बॉस्टनमधे केन पॉस या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबतच्यांनी हृदयाच्या मुख्य कप्प्याचा टोकाकडचा साधारण 20 टक्के भाग कापला आणि दोन महिन्यांत तो भरून आला. आम्ही कापत नाही, गोठवतो. भूल दिलेला मासा ओल्या स्पंजच्या खाचेत उताणा ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली छातीला बारीक छेद द्यायचा, चंदेरी पडदा फाडला की लाल ठिपका उडताना दिसतो, त्याला लिक्विड नायट्रोजनमधे थंड केलेली तार काही सेकंद टेकवायची. टाके नाहीत. मग साध्या पाण्यात सोडून पिपेटने कल्ल्यांवर पाणी मारत बसायचं, कल्ला पहिल्यांदा हलेपर्यंत माझाच श्वास अडकलेला असतो.

पुढे होतं काय, तर माशालाही आधी आपल्यासारखाच व्रण पडतो. पण त्याचा व्रण विरत जातो, कारण कडेच्या स्नायूपेशी आपलं आकुंचनाचं काम अर्धवट सोडून पुन्हा विभागायला लागतात. आपल्या पेशी ते जवळजवळ विसरल्यात. उंदराच्या पिल्लाला जन्मल्या जन्मल्या जमतं, आठवड्याभरात तेही बंद.

माझा विषय यातला म्हातारपणाचा. झेब्राफिशला ते टाळता येत नाही, दोन-अडीच वर्षांत पाठीला बाक येतो, तरी हृदय भरून काढायची ताकद बरीच टिकते. त्यात टेलोमरेजचा (गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं एन्झाइम) हात आहे, त्याचा जीन बंद केलेल्या माशांचं हृदय नीट भरत नाही हे 2015 मधे दाखवलं गेलंय. आता गंमत अशी की मासा म्हातारा करायला दोन वर्षं लागतात आणि फेलोशिप पाच वर्षांची, म्हणून पहिल्या वर्षीच टँकवर जन्मतारीख लिहून ठेवली आणि रोज आर्टेमिया (माशांचं खाणं, बारीक कोळंबीसारखे जीव) घालत बसले, एकदा रात्री पंप बंद पडला आणि सकाळी नऊ मासे उलटे तरंगत होते. त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही.

मग माणसाचं कधी? पेशींना जबरदस्तीने विभागायला लावता येतं हो, 2019 मधे डुकरांवर केलं, हार्ट अटॅकचा व्रण लहान झाला, पण नंतर बरीचशी डुकरं ठोक्यांची लय बिघडून अचानक मेली. पेशी वाढवणं जमतंय, थांबवायचं कधी हे मासा जाणतो, आम्ही अजून नाही. त्यामुळे तारीख मागू नका. कुणी तारखेसकट औषध विकत असेल तर लांबच राहा.

काकांना एवढंच सांगितलं की माणसाच्याही हृदयाच्या थोड्या स्नायूपेशी बदलतात, अणुचाचण्यांतून हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून 2009 मधे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हिशोब काढला, पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी.

काका बोटं मोजून म्हणाले, "म्हणजे मला दोनशे वर्षं थांबायला लागेल की गं."

म्हटलं हो, तोवर गोळ्या चुकवू नका.