रिपोर्ट नॉर्मल आहे, मग टाच का दुखते?

सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे येणारा आजार) असलेले बरेच जण रक्ताचे रिपोर्ट दाखवून विचारतात: ‘आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) निगेटिव्ह, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल. म्हणजे सांधेदुखीचा सोरायसिसशी संबंध नाही ना?’

असू शकतो. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवातात, आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच येतो. आजार चालू असूनही अनेकांचा सीआरपी वाढत नाही. सुरुवातीचा एक्स-रेही पुष्कळदा साफ असतो. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं.

या आजारात सूज पुष्कळदा सांध्याच्या आत नाही, तर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हाडाला चिकटते त्या जागी सुरू होते. टाचेची मागची बाजू, तळव्याकडून टाच, कोपराची बाहेरची कड. तिथे दाबलं की कळ येते, आणि ‘टाचेचं हाड वाढलंय’ म्हणून वर्षभर नुसत्या चपला बदलल्या जातात. कधी हाताचं किंवा पायाचं एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगतं. सोरायसिसमध्ये युरिक अ‍ॅसिडही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे त्या बोटावर गाउटचा (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा) शिक्का बसतो.

नखं जरूर पाहा. बारीक खड्डे, टोकाकडून सुटलेलं नख यांना बुरशी समजून औषध लावत राहतात. नखाचं मूळ बोटाच्या शेवटच्या सांध्यावरच्या कंडरेशी जोडलेलं असतं, म्हणून नख बिघडलेल्या बोटाचा तोच सांधा सुजण्याची शक्यता जास्त.

सकाळचा ताठरपणा घड्याळ लावून मोजा. अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि हालचालीने सुटतो, तर ती झीज नव्हे, सूज असण्याची शक्यता अधिक. उत्तररात्री जाग आणणारी, उठून चाललं की कमी होणारी कंबरदुखीही याच जातीची. सुजलेल्या बोटाचा फोटो तारखेसह ठेवा. तपासणीच्या दिवशी सूज उतरलेली असू शकते. डोक्यातले, बेंबीतले, नितंबांच्या फटीतले चट्टे लपवू नका. चट्टे थोडे म्हणजे सांधे सुरक्षित, असं गणित नाही.

यातलं काही आढळलं तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आणि लवकर. सहा महिन्यांच्या उशिरानेही सांध्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. वेदनाशामक गोळ्या दुखणं दाबतात, सांध्याचं नुकसान थांबवत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर त्वचा भडकू शकते. मेथोट्रेक्सेट (या आजारावरचं एक औषध) दिलं तर ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं असतं. तो वार पाकिटावर ठळक लिहा, कारण चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं.