तुम्ही विचारलंत म्हणून : एअरबॅग काढली, ती का?

माझी गाडी बघायला थांबलेल्यांचा “माझदा म्हणजे टेम्पो ना ओ?” हा पहिला प्रश्न. त्याचं मला काही वाटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाणा वाहणारी स्वराज माझदा सगळ्यांनी पाहिलीय, माझ्याकडची दोन सीटची छोटी माझदा, एमएक्स-५, कोण बघायला गेलंय! दुसरा प्रश्न काचेतून आत डोकावून येतो : “स्टीअरिंग बाहेरचं दिसतंय. एअरबॅग काढली काय?” हो म्हटलं की लगोलग तिसरा : “मग आमचीबी काढून द्या की. एअरबॅगचा लाइट पेटलाय, जात नाही.”

तिसऱ्याला मी नाही म्हणतो. स्वतःची काढायची आणि दुसऱ्याची नाही, हा कुठला न्याय, असं तोंडावर म्हणणारे आहेत, पाठीमागे म्हणणारे त्याहून जास्त. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी तुमच्या लाइटचं. स्टीअरिंगच्या मागे प्लॅस्टिकच्या डबीत चपटी तारांची पट्टी गुंडाळलेली असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. हॉर्न आणि एअरबॅग, दोन्हीची जोडणी तिच्यातून जाते. चाकं वळवणाऱ्या रॅकचं काम करताना कुणी स्टीअरिंगचा शाफ्ट सुटा असताना स्टीअरिंग गरागरा फिरवलं की ती पट्टी तुटते. तेव्हा एअरबॅगला शिव्या घालण्याआधी हॉर्न दाबून बघा. हॉर्नही मुका आणि दिवाही चालू, तर संशय पट्टीवर घ्या. पट्टी बदलली की काम झालं.

२०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांचं वेगळं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सीटखालचे पिवळे कनेक्टर आणि दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावरचं एअरबॅगचं युनिट, म्हणजे तिचा कंट्रोल बॉक्स, सगळं दिवसचे दिवस गाळात होतं. पिनांवर हिरवा गंज चढतो, रेझिस्टन्स वाढतो, युनिट बिघाड नोंदवून ठेवतं. तिथे युनिट आणि कनेक्टर बदलावे लागतात. बॅग काढून काय होणार?

आणि “बॅगेच्या जागी रेझिस्टर लावून दिवा घालवा” म्हणतात, त्याचं. चावी फिरवली की युनिट बॅगेच्या स्क्विबचं सर्किट तपासतं, म्हणजे जी बारीकशी तार तापून आतला दारूगोळा पेटवते तिचं. दोन-तीन ओहम दिसले की त्याचं समाधान. तेवढाच रेझिस्टर लावला तर दिवा विझतो, हे खरं आहे. पण उद्या ती गाडी विकाल. घेणारा बघणार, दिवा काही सेकंद लागला आणि विझला, म्हणजे सगळं जागेवर. झाकणामागे काही नाही हे त्याला कोण सांगणार? माझ्या गाडीत रेझिस्टर नाही. दिवा लागलेला असतो, तसाच राहू दिलाय.

आता माझं. गाडी १९९४ ची, १८३९ सीसी, उजव्या हाताची, मालकाच्या सामानाबरोबर परदेशातून आलेली. एअरबॅग एकच, ड्रायव्हरची.

काढायचं काम अवघड नाही, आणि तीच त्यातली वाईट गोष्ट. बॅटरीची मायनस काढायची आणि थांबायचं. युनिटच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. कंपन्या एका मिनिटापासून पुढे वेगवेगळा वेळ सांगतात, मी अर्धा तास धरतो. चाकं सरळ ठेवायची. स्टीअरिंगच्या पाठीमागून १० नंबरच्या गोटी पान्यानं चार नट, मग मॉड्यूल, म्हणजे झाकणासकट बॅगेचा अख्खा डबा, हळूच पुढे येतो. कनेक्टर सोडवला की त्यातली छोटी पत्ती दोन्ही पिना आपोआप शॉर्ट करते, म्हणजे अंगातल्या स्टॅटिकनं बॅग उडू नये. त्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही. कधीच नाही. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो. मॉड्यूल नेताना झाकण अंगापासून दूर, ठेवताना झाकण वर. पालथा ठेवला आणि उडाला तर अख्खा मॉड्यूल रॉकेटसारखा छताला जातो.

मग २१ ची गोटी, मधला नट. तो पूर्ण काढायचा नाही, दोन आटे शिल्लक ठेवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंनी हलवायचं. नट काढून ओढणाऱ्यांच्या तोंडावर स्टीअरिंग येऊन दात पडलेले असतात. क्लॉक स्प्रिंग मधोमध असतानाच टेप मारून ठेवायची. बॉस किट, म्हणजे बाहेरचं स्टीअरिंग शाफ्टला जोडणारा तुकडा, बसवताना इंडिकेटर परत आणणारा कॅम नीट बसलाय ना ते बघायचं, हॉर्नची वायर जोडायची, नट ३९ ते ४९ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानं. अंदाजानं नाही.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि विमा कंपनीला लेखी कळवलं नाही तर दाव्याच्या वेळी पहिलं बोट तिथेच जातं. “कोण बघतंय” हे उत्तर माझ्याजवळ बोलू नका.

मग का काढली? माझी दोन कारणं होती. एक, कोइमतूरच्या कारी या रेसिंग ट्रॅकसाठी सहा पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे रेसिंगचा बेल्ट, गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार आणि हेल्मेट. तसं बांधून स्टीअरिंगजवळ बसणाऱ्याच्या हेल्मेटवर बॅग आदळणं हे संरक्षण नव्हे. शिवाय एअरबॅग नसलेली एमएक्स-५ कंपनीनंही विकलीच की. दुसरं कारण मी छातीठोक सांगायचो : तीस वर्षं जुनी बॅग, ती कसली फुटतेय. नव्वदच्या दशकात काही कंपन्या दहा-पंधरा वर्षांनी बदला असं स्टिकरच लावायच्या. वर एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता या जपानी कंपनीचं उदाहरण द्यायचो. बॅग फुगवणारा, पण दमट हवेनं आणि उन्हानं खराब झालेला अमोनियम नायट्रेट, तो भरलेले आणि फुटलेले इन्फ्लेटरचे डबे, लोकांच्या गळ्यात घुसलेले पत्र्याचे तुकडे, २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेलेली कंपनी. सगळं खरं. पण तो अमोनियम नायट्रेट नंतरच्या काळातला. माझ्या मॉड्यूलमध्ये त्याच्या जागी जुना सोडियम अझाइड होता. हे मला तेव्हाही माहीत होतं, सांगताना मात्र गाळत होतो.

काढलेल्या मॉड्यूलचं करायचं काय, हा प्रश्न उरला. कुरिअर घेत नाही, कारण तो धोकादायक माल आहे, त्या यादीत त्याचा नंबर यूएन ३२६८. कुपवाडच्या भंगारात दिला तर उद्या कुणी पोरगा त्याला गॅस कटर लावणार. कपाटात ठेवला तर घरात दारूगोळा. शेवटी जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये गाडी मोडीत काढताना सांगतात तसं केलं. मिरजेच्या बाहेरचं माळरान, आजूबाजूच्या मळेवाल्यांना सांगून. मॉड्यूल एका जुन्या रिमला झाकण वर करून करकचून बांधला, खाली दोन टायर, वर तीन. वीस मीटर जोडवायर, बॅटरीकडची टोकं एकमेकांना पिळून ठेवलेली, आणि सगळी माणसं मागे येईपर्यंत ती तशीच. धूर अंगावर येऊ नये म्हणून वारा येतो त्या बाजूला उभं राहिलो. माझी खात्री होती की काहीच होणार नाही. फार तर ‘फुस्स’.

टोकं बॅटरीला लागली आणि आवाज आला तो उसाच्या फडात रानडुकरांसाठी फोडतात तसल्या मोठ्या फटाक्याचा. वरचा टायर उचलून बाजूला पडला. पांढरा धूर आणि पूड. ती पूड बॅगेची घडी चिकटू नये म्हणून असते. गाडीत हे सगळं तीसेक मिलिसेकंदांत होतं, डोळ्याची पापणी मिटायच्याही आत. अर्धा तास कुणी जवळ गेलं नाही, मॉड्यूल चटका बसण्याइतका तापलेला असतो. मग हातमोजे आणि गॉगल घालून जाऊन बघितलं. झाकण ठरलेल्या चिरेवरच उघडलेलं. कापड कुठे फाटलेलं नाही, शिवण उसवलेली नाही, मागच्या भोकांच्या कडा थोड्या करपलेल्या. तीस वर्षं, तीन देश, सांगलीचे कितीतरी उन्हाळे, आणि त्या बॅगेनं आपलं काम जसंच्या तसं केलं होतं.

आता म्हणाल, एका बॅगेवरून सगळ्या जुन्या बॅगा चांगल्या ठरतात का? नाही ठरत. दुसरी एखादी ‘फुस्स’ झालीही असती. ट्रॅकचं कारण तर अजून उभंच आहे. पण ट्रॅक वर्षातून दोन दिवस. बाकीचे दिवस गाडी सांगली-पेठ रस्त्यावर असते, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे, ज्यांना रिफ्लेक्टरही नसतो. आणि तेव्हा अंगावर हेल्मेट नसतं, साधा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट असतो. त्या दिवसांचा हिशेब मी काढताना केला नव्हता. “हार्नेस आहे की” असं म्हणून तेव्हा मी स्वतःला गप्प केलं. आज मला कुणी तेच म्हणून गप्प करू पाहतं तेव्हा राग येतो, तो बहुतेक त्याचाच.

म्हणून तुमची काढत नाही. माझी काढली ते चुकलं का, हे विचारू नका. सोमवारी एक उत्तर येतं, शनिवारी दुसरं.

मूळ स्टीअरिंग कापडात गुंडाळून ठेवलंय, क्लॉक स्प्रिंग टेपसकट ड्रॉवरमध्ये. नवा मॉड्यूल मला अजून मिळालेला नाही, आणि दुसऱ्याच्या मोडक्या गाडीतला, कुठे किती बुडालेला ते माहीत नसलेला, मी घेणार नाही. कुणाजवळ सीलबंद असेल तर कळवा. किंमत आधी सांगा.