मॅन्युअल आणि भाऊंची डायरी

कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम यायला दोन महिने उरले तेव्हा प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, पॉलिसी मॅन्युअल तेवढं अपडेट करून टाका." तेवढं!

फाईल उघडली तर तिसऱ्याच पानावर 'स्थानिक व्यवस्थापन समिती'. अहो, 2016चा महाराष्ट्राचा विद्यापीठ कायदा आला, कलम 97प्रमाणे तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती झाली, तरी आमचं मॅन्युअल 1994च्या कायद्यातच नांदतंय. विद्यार्थी तक्रार निवारणाचं पान मागाहून डिंकाने चिकटवलेलं, तेही यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2019च्या नियमांचं. 2023ला नवे नियम आले, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

कर्तव्य रजेचे (कॉलेजच्या कामासाठी बाहेर गेलं की मिळते ती) तर तीन वेगवेगळे नियम सापडले. खरा कोणता, म्हणून हेडक्लार्क भाऊंना विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून रेक्झिनची डायरी काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाले, "हे चालतं." म्हणजे कॉलेज चालत होतं त्या डायरीवर. आणि भाऊ मे महिन्यात निवृत्त होणार!

तीन दुपारी त्यांच्याशेजारी बसून सगळं टाइप केलं. आता प्रत्येक धोरणाखाली चौकट आहे: मंजुरीचा ठराव क्रमांक, तारीख, जबाबदार पद (नाव नाही, माणसं बदलतात) आणि पुढच्या तपासणीचा महिना. जुन्या प्रती फेकल्या नाहीत, 'रद्द' शिक्का मारून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवल्या. जुन्या तारखेचा वाद निघाला की त्याच लागतात.

भाऊंनी नवी प्रत चाळली, कर्तव्य रजेच्या पानावर थांबले, आणि पेन्सिलीने एक तारीख दुरुस्त केली.